ताकदीचा लाडू

बी.एस्सी. झाल्यावर मला जी पहिली नोकरी लागली, तिच्यात माझं मुख्य काम होतं मुलांची वजनं करायचं. पिंपरीला निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बराकींमध्ये राहत होती. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून चार-चार संसार थाटलेले असत आणि बाहेर बाजांवर पापड वाळत घातलेले असत. त्या बायकांनी पापड लाटूनच घरं उभी केली, असं म्हटलं तरी चालेल.

मी मूळची खेडची. चिंचवडला मामांकडे राहत होते. विद्यापीठाच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख असलेल्या प्राध्यापकांना आहारावर एक प्रयोग करायचा होता आणि त्यांना छावणीतल्या बायकांशी बोलू शकेल अशी मदतनीस हवी होती. माझं हिंदी बरं होतं, म्हणून माझी निवड झाली. विभागात माझ्याआधी एकही मुलगी नोकरीला नव्हती. मामांनी पेढे वाटले.

प्रयोग साधा होता. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर जी पेंड उरते, ती स्वच्छ करून, दळून तिचं पीठ करायचं आणि त्याचे गूळ घातलेले लाडू मुलांना द्यायचे. पेंडीत मांसाइतकी ताकद असते आणि ती आपण गुरांना घालतो, हे सरांचं दुःख होतं. ते खरंच दुःख होतं, हे मी आजही सांगेन. गरिबाच्या पोराला दूध मिळत नाही, मटण मिळत नाही, मग हे का नको, असं ते पोटतिडकीनं बोलायचे. एका रांगेतल्या बराकींमधल्या मुलांना पेंडीचे लाडू द्यायचे आणि समोरच्या रांगेतल्या मुलांना दिसायला तसेच, पण नुसत्या ज्वारीच्या पिठाचे. मग कुणाची वजनं किती वाढतात ते बघायचं.

आयांना यातलं काहीच सांगायचं नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माझ्यावर एक वरिष्ठ संशोधन सहायक होते. याच प्रयोगावर ते पीएच.डी. करणार होते. ते मला म्हणाले, "पेंड हा शब्द छावणीत काढायचा नाही. ढोरांचं खाणं आमच्या पोरांना घालता म्हणतील आणि उद्यापासून एक मूल येणार नाही. ताकदीचा लाडू म्हणायचं, बस."

मला ते फारसं खटकलं नाही. आई नाही का औषध गुळात लपवून देत, असं वाटलं. पहिले दोन-तीन महिने उत्साहात गेले. मुलं रांगेत उभी राहायची, काट्यावर चढताना मुद्दाम उड्या मारायची. आया मला 'डॉक्टर बेटी' म्हणायला लागल्या होत्या. मी डॉक्टर नाही, असं मी सांगायची, पण त्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

पावसाळा लागला आणि पिठाचा वास बदलला.

पिठाची पोती छावणीच्या टोकाला एका रिकाम्या बराकीत ठेवलेली होती, तीच आमची कोठी. चाकणच्या बाजूच्या एका तेलगिरणीतून वर्षभराचं पीठ एकदमच आणलं होतं, म्हणजे प्रयोगात फरक पडायला नको. ती बराक एका कोपऱ्यात गळत होती. लाडू वळायला मोशीहून एक बाई यायच्या. एका सकाळी त्यांनी परात माझ्यापुढे सरकवली.

"बाई, ह्याला वास मारतुया. बघा जरा."

मी बघितलं. पिठात गाठी होत्या. एक गाठ फोडली तर आत हिरवट काळपट बुरशी होती. मी कोठीत जाऊन पोती चाचपली. वरची कोरडी होती, पण भिंतीकडची आणि तळाची पोती हाताला ओलसर लागत होती.

मी सहायकांना बोलावून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काळजी दिसली. मग ते म्हणाले, "चाळून घ्या. गाठी काढून टाकायच्या. गूळ थोडा वाढवा."

"पण सरांना सांगायला हवं ना?"

"मी सांगतो."

त्यांनी सांगितलं की नाही, मला कळलं नाही. पीठ चाळणं सुरू झालं. मुलं लाडू अर्धे टाकायला लागली. काही मुलांच्या पोटात दुखतं, अशी तक्रार आयांनी केली. मी ती सहायकांच्या कानावर घातली. पावसाळ्यात पोटं दुखतातच, असं ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

मग त्या रांगेतली एक मुलगी आजारी पडली. सहा-सात वर्षांची असेल. तिची आई विधवा होती, दोन मुली घेऊन एकटी राहायची. ही धाकटी. काट्यावर चढली की स्वतःच मोठ्यांदा आकडा वाचायची आणि नेहमी चुकीचा वाचायची. तिला उलट्या सुरू झाल्या, मग डोळे पिवळे झाले. तिला टांग्यातून नेऊन हॉस्पिटलात ठेवलं. त्याच आठवड्यात त्याच रांगेतली आणखी दोन मुलं पिवळी पडली. समोरच्या रांगेत तसं कुणी आजारी नव्हतं. मी प्रत्येक बराकीत जाऊन विचारून आले.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. सहायक तिथेच बसलेले होते. त्यांच्यासमोर बोलायचं माझ्या जिवावर आलं, पण बोलले.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छावणीतलं पाणी कसं आहे, तुम्ही पाहिलंय?"

"हो सर."

"नळ एक आणि त्याच्याशेजारी गटार. पावसाळ्यात कावीळ होणार नाही तर काय होईल?"

"पण पाणी दोन्ही रांगांना एकच आहे, सर."

मला वाटलं, आता उठतील आणि म्हणतील, चला, दाखवा. पण ते म्हणाले, "तीन मुलांवरून काही सिद्ध होत नाही. तुम्ही विज्ञान शिकला आहात. हा प्रयोग मध्येच तुटला, तर पुन्हा पैसे मिळणार नाहीत आणि ही पेंड या देशात कायम गुरंच खात राहतील. घाबरून निर्णय घ्यायचे नसतात."

"तुम्ही एकदा कोठी बघा, सर."

"बघतो."

खोलीबाहेर आल्यावर सहायक माझ्यामागून आले. "तुम्ही मला विचारून आला असतात तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, पण त्या दिवसापासून कोठीची किल्ली त्यांच्याकडे गेली. पीठ ते स्वतः काढून द्यायचे आणि मला आत जायचं कारण उरलं नाही.

सर कोठी बघायला आले नाहीत. मी रोज वाट बघत होते. रोज सकाळी लाडू वाटले जात होते आणि ते वाटणाऱ्यांत माझाही हात होता.

घरी मामींना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस ना मोठ्या माणसाला? मग झालं तुझं काम." मामा रेल्वेत हेडक्लार्क होते. त्यांनी वेगळंच विचारलं. "तोंडी सांगितलंस की लेखी?"

"तोंडी."

"मग तू काहीच सांगितलं नाहीस. उद्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर वजनं कोण करत होतं, असं विचारतील. आणि ते तुलाच विचारतील."

मी विद्यापीठाच्या रजिस्ट्रारांकडे गेले. भेट मिळायलाच दुपार झाली. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. ऐकताना ते टेबलावरचा कागददाब इकडून तिकडे सरकवत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं म्हणणं गंभीर आहे. अर्ज द्या. पण थ्रू प्रॉपर चॅनेल."

मला कळलं नाही.

"म्हणजे विभागप्रमुखांमार्फत. त्यांच्या सहीशिवाय कुठल्याही कर्मचाऱ्याचा अर्ज आम्हाला घेता येत नाही."

"पण तक्रार त्यांच्याच प्रयोगाबद्दल आहे."

"नियम तोच आहे," ते म्हणाले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, असं पहिल्याच ओळीत लिहा. म्हणजे मला पुढे काही करता येईल."

अर्जात मी दोन गोष्टी लिहिल्या. पीठ खराब झालं आहे आणि मुलं आजारी पडताहेत, ही एक. आपल्या मुलांवर प्रयोग चालला आहे हे आणि लाडवात काय आहे हे आयांना सांगितलेलं नाही, ही दुसरी. दुसरी गोष्ट लिहिताना मला पहिल्यांदा नीट कळलं, की आपण इतके महिने काय करत होतो.

अर्ज घेऊन सरांच्या टेबलापुढे उभी राहिले. त्यांनी बसा म्हटलं नाही. इंग्रजीत लिहिलेला अर्ज त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पेन उचललं. मला वाटलं, फाडतील किंवा काट मारतील. त्यांनी एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं, खाली सही केली आणि अर्ज परत माझ्या हातात दिला.

"तुम्हीच नेऊन द्या," ते म्हणाले. "मी पाठवला तर अडवला म्हणाल."

त्या सहीत राग होता की सचोटी, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला नाही.

अर्ज दिला. पुढचे काही दिवस काहीच घडलं नाही. विभागात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. चहाची वेळ झाली की सगळे उठून जायचे आणि मी प्रयोगशाळेत एकटी बसायची. हॉस्पिटलातली मुलगी आणखी खालावली, असं तिच्या थोरल्या बहिणीनं मला एका संध्याकाळी सांगितलं. तिला सांगताना रडूही येत नव्हतं, नुसतंच सांगत होती.

दुसऱ्या सकाळी छावणीत लाडवांची टोपली समोर आली. वरचा एक लाडू मी फोडून हुंगला आणि टोपलीवर फडकं टाकलं. रांगेतल्या आयांना म्हटलं, "आज लड्डू नहीं मिलेगा. आटा खराब है. बच्चों को मत खिलाओ."

मला वाटलं होतं, त्या घाबरतील किंवा माझे आभार मानतील. पण त्या चिडल्या. एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "सामनेवालों को देती हो, हमको नहीं?" समोरच्या रांगेत ज्वारीचे लाडू वाटून झाले होते. ते त्यांना दिसत होतं. दुसरी म्हणाली, "खराब है तो इतने दिन क्यों खिलाया?" मुलं टोपलीकडे हात करत होती. एकीनं फडकं ओढलं. मी टोपलीच्या कडा घट्ट धरून उभी राहिले आणि आम्ही दोघी, मी आणि ती बाई, टोपली आपापल्या बाजूला ओढत होतो. मोशीच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना मी म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

तेवढ्यात सहायक आले. त्यांनी माझ्या हातातून टोपली काढून घेतली आणि गर्दीला म्हणाले, "कुछ नहीं, गलतफहमी हुई." मग मला हळूच म्हणाले, "तुम्ही घरी जा."

मी घरी गेले नाही. तिथेच उभी राहून बघत राहिले. सगळ्या मुलांना लाडू मिळाले. आजारी मुलीच्या आईनं तेवढं थोरलीचा हात धरून तिला रांगेतून बाहेर काढलं आणि काही न बोलता बराकीत नेलं.

त्यानंतर चौकशी समिती आली. टोपलीचा प्रकार कानावर गेल्यामुळे आली की अर्जामुळे, ते मला कधी कळलं नाही. समितीत तिघे होते. डीन, रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आणि शहरातल्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई. सरही बरोबर होते. त्या सकाळी परातीत पांढरंशुभ्र पीठ होतं. पुरुषांनी एकेक लाडू खाऊन पाहिला. डीन म्हणाले, "चांगला आहे की."

मग आयांना विचारलं. मी दुभाषी होते, म्हणजे माझ्याविरुद्धची साक्ष मलाच मराठीत करून सांगायची होती. मुलं बरी आहेत, त्या म्हणाल्या. लाडू चांगला असतो. काही तक्रार नाही. एकामागून एक तेच. पोट दुखतं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकाही तेच म्हणाल्या. लाडू बंद होतील, ही भीती त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होती, पण डोळ्यांतलं भाषांतर करायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आजारी मुलीची आई आलीच नव्हती. ती हॉस्पिटलात होती.

डीननी घड्याळ बघितलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र लाडू खाल्ला नव्हता. त्या मला म्हणाल्या, "पीठ कुठं ठेवता?"

मी कोठी दाखवली. दाराला कुलूप होतं. सहायक म्हणाले, किल्ली आज विभागात राहिली. बोलताना त्यांचा हात नकळत खिशाकडे गेला. तो सगळ्यांनी पाहिला. मग सर म्हणाले, "उघडा."

दार उघडताच वास बाहेर आला. डॉक्टरीणबाई आत शिरल्या आणि म्हणाल्या, "वरची नको. तळातलं काढा." सहायकांनी आणि मी मिळून वरची पोती बाजूला केली. तळाचं पोतं उचलताना त्याचं बूड सुटलं आणि पीठ खाली पडलं. ते पीठ नव्हतंच. काळ्या-हिरव्या ढेकळांचा लगदा होता.

सर वाकले. एक ढेकूळ हातात घेऊन त्यांनी ते बोटांनी फोडलं. मग सहायकांकडे वळून म्हणाले, "हे मला दाखवलं का नाही?"

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं, सर."

"हो," सर म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं. मी बघायला आलो नाही."

हे ते समितीसमोर म्हणाले. त्यांना तसं म्हणायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन हात धुतले. "मुलं यानंच आजारी पडली की पाण्यानं, ते मी आज सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे आजच्या आज पुरा."

दुपारी छावणीमागे खड्डा खणून पोती पुरली. लाडू बंद झाले. समितीच्या अहवालात काय लिहिलं, ते मला डॉक्टरीणबाईंकडून कळलं. पावसामुळे साठा खराब झाल्यानं प्रयोग मुदतीआधी थांबवण्यात आला, एवढंच. माझ्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल मी विचारलं.

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. आयांना सांगायलाच हवं, असा नियम कुठं आहे? नियमच नाही, तर मोडला कसा, असं डीनचं म्हणणं पडलं."

"आणि तुमचं?"

"मी भांडले," त्या म्हणाल्या. "दोघांपुढे एक."

नियम नव्हता, म्हणून मी स्वतःच सांगायला गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. मुलगी तोवर हॉस्पिटलातून घरी आली होती. बाजेवर पडून होती. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता, पण हातपाय काड्यांसारखे झाले होते. तिची आई पापड लाटत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. लाडवात काय होतं, दोन रांगा कशासाठी केल्या होत्या, वजनं कशासाठी घेत होतो. पेंडीला हिंदीत खली म्हणतात, तो शब्दही उच्चारला. ती अंगावर येईल म्हणून मी मनाची तयारी करून आले होते.

तिचं लाटणं थांबलं नाही. "खिलाने वाला रोज बच्चे को तोलता नहीं, बेटी," ती म्हणाली. "कुछ तो है, ये सबको मालूम था. पूछती, तो तुम बंद कर देतीं." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सामनेवालों को क्या देते थे?"

"ज्वारी और गुड़."

"अच्छा," ती म्हणाली. एक पापड उचलून तिनं बाहेर बाजेवर टाकला आणि परत येऊन बसली. "ये बात सबको बताओ. मुझे अकेली को मत बताओ."

म्हणून मी त्या रांगेतल्या प्रत्येक दारात गेले. काहींनी ऐकून घेतलं. काहींनी पडदा ओढून घेतला. एका म्हातारीनं मला शिव्या दिल्या, सिंधीत, त्यामुळे त्या सगळ्या कळल्या नाहीत. बऱ्याच जणींचा राग मात्र वेगळाच होता. लाडू गेले आणि त्यांच्या जागी काहीच आलं नाही. तो राग मला आजही बरोबर वाटतो.

सहायकांनी दुसरा विषय घेतला आणि कालांतरानं त्यांना पदवी मिळाली. वर्ष संपल्यावर माझी नेमणूक पुढे वाढवली नाही. सरांनी मला बोलावून स्वतः प्रशस्तिपत्र लिहून दिलं. त्या एका वर्षाबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. निघताना ते म्हणाले, "ती मुलगी कशी आहे?"

"शाळेत जायला लागली," मी म्हटलं. "पण लवकर दमते."

त्यांनी मान हलवली आणि पुढ्यातल्या कागदांकडे वळले. मी जिना उतरून बाहेर आले आणि चिंचवडला जाणारी बस धरली.